नेपियरला 'नाही' म्हणणारं कोण होतं?

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. लांब दाढी, गरुडासारखं नाक आणि चष्मा असलेल्या एका इंग्रज जनरलचं चित्र, आणि खाली त्याचं ते प्रसिद्ध वाक्य. सिंधमधले काही ब्राह्मण त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले की सती ही आमची धर्माची प्रथा आहे, तुम्ही आड येऊ नका, आणि तो म्हणाला, ठीक आहे, तुमची प्रथा आहे ना, रचा चिता, पण आमच्या देशाचीही एक प्रथा आहे, बाईला जिवंत जाळणाऱ्या पुरुषांना आम्ही फाशी देतो आणि त्यांची मालमत्ता जप्त करतो, माझे सुतार शेजारीच फाशीचे खांब उभे करतील, मग आपण सगळेच आपापल्या प्रथेप्रमाणे वागू. हा जनरल म्हणजे सर चार्ल्स नेपियर, १८४३ ते १८४७ सिंधचा गव्हर्नर. मागच्या वेळी हे आलं तेव्हा माझ्या भाच्याने लिहिलं की इंग्रज आले नसते तर आपण अजून बायका जाळत बसलो असतो, त्यावर काका भडकले, लुटारूंचं कौतुक करायला लाज कशी वाटत नाही म्हणाले, आणि दोन दिवस घरात धुसफूस चालू होती.

मला दोघांचंही पटलं नाही. दोघंही नेपियर माणूस म्हणून चांगला की वाईट एवढ्यावरच भांडत होते आणि सगळीकडे हा वाद असाच चालतो. माझं म्हणणं असं आहे की नेपियरने काही कामं खरोखर चांगली केली, सिंध त्याने सरळसरळ बळकावला हेही तितकंच खरं, आणि पहिल्या गोष्टीने दुसरी धुतली जात नाही. आणि याच्याही पुढचा मुद्दा म्हणजे ही दोन्ही कामं एकाच प्रकारच्या सत्तेतून आलेली आहेत, जिला सिंधमधला कुठलाही माणूस 'नाही' म्हणू शकत नव्हता. ही सत्ता आपल्याला मान्य आहे का, हा वादाचा खरा विषय आहे, आणि तो आजही जुना झालेला नाही.

आधी सिंध कसा घेतला ते बघू, कारण फॉरवर्डमधे ते कधीच नसतं. १८३२ च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीने आणि सिंधवर राज्य करणाऱ्या तालपूर घराण्याच्या अमीरांनी एकमेकांना लिहून दिलं होतं की एकमेकांच्या मुलुखाकडे कधीही लोभाच्या नजरेने बघणार नाही. सिंधू नदीतून युद्धसामग्री नेणार नाही असंही त्यात होतं. सात वर्षांत अफगाण युद्ध आलं आणि त्याच सिंधमधून फौजा गेल्या, अमीरांवर नवे तह लादले, त्यांच्या मुलुखात छावण्या बसवल्या. जानेवारी १८४२ मधे काबूलहून माघार घेताना अख्खी फौज कापली गेली आणि त्याच वर्षी नेपियर सिंधला आला, साठीचा माणूस, त्याआधी पुण्याच्या डिव्हिजनचा प्रमुख होता. अमीरांसमोर आणखी एक तह ठेवला गेला, कराची द्या, ठठ्ठा द्या, सक्खर-रोहरी द्या, आगबोटींसाठी नदीकाठचं लाकूड तोडू द्या, आणि हे लाकूड म्हणजे अमीरांची जिवापाड जपलेली शिकारीची रानं. जानेवारी १८४३ मधे, लढाई सुरू झालेली नसताना, नेपियरने वाळवंटातला इमामगढचा किल्ला सुरुंगाने उडवला. फेब्रुवारीच्या १७ तारखेला मियानीची लढाई झाली, मार्चमधे डब्बोची, आणि सिंध संपला. डब्बोला होश महंमद शीदी हा आफ्रिकी वंशाचा सरदार लढता लढता मेला, 'मरवेसूं, पर सिंध न देसूं' ही घोषणा सिंधी माणसं आजही त्याच्याच नावाने देतात. मियानीला नेपियरकडे तीन हजारांच्या आतबाहेर माणसं होती, त्यात मुंबईच्या फौजेच्या पलटणी होत्या, म्हणजे सिंध इंग्रजांनी घेतला असं आपण म्हणतो तेव्हा बंदूक कुणाच्या खांद्यावर होती हेही आपण आठवलं पाहिजे.

आणि नेपियरला हे सगळं काय चाललंय ते कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय की सिंध घेण्याचा आपल्याला काहीही हक्क नाही, तरी आपण तो घेणारच, आणि तो एक फार फायद्याचा, उपयोगी आणि दयाळू लुच्चेपणा ठरेल. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक तसंच हातात धरून बसलो होतो. सतीवाला फॉरवर्ड लाखो लोकांनी वाचलाय, हे वाक्य किती जणांनी वाचलंय? तेच हात, तेच पेन. (जाता जाता, 'पेकावी' म्हणजे लॅटिनमधे 'मी पाप केलं', इंग्रजीत 'आय हॅव सिन्ड', जे ऐकताना 'सिंध माझ्याकडे आहे' असंही वाटतं, अशी एका शब्दाची तार नेपियरने केल्याची जी गोष्ट सांगतात ती खरी नाही, तो १८४४ मधे पंच मासिकात आलेला विनोद होता आणि तेव्हा हिंदुस्थानात तारायंत्रच नव्हतं. खरी कबुली डायरीत आहे आणि ती विनोदापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.)

आता भाच्याची बाजू नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही. चितेवर बसवलेल्या बाईला तिला वाचवणाऱ्याचा राज्यावर हक्क होता की नव्हता याच्याशी काय देणंघेणं? ती वाचली, विषय संपला. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि जे लोक 'पण तो साम्राज्यवादी होता' म्हणून तो बाजूला सारतात त्यांना त्या बाईचं काही पडलेलं नाही असं मी म्हणेन. दुसरं, अमीर काही रयतेने निवडून दिलेले नव्हते, तालपूरांनी स्वतः कल्होड्यांचं राज्य अठराव्या शतकाच्या शेवटी तलवारीनेच घेतलं होतं. त्यांच्या राज्यात हिंदू व्यापाऱ्यांवर जुलूम झाल्याचेही दाखले आहेत, कराचीचे सेठ नाऊमल होतचंद इंग्रजांना जाऊन मिळाले त्यामागे त्यांच्या वडिलांना धर्माच्या भांडणात पकडून नेल्याचा राग होता. तिसरं, फेब्रुवारी १८४३ मधे सिंधमधल्या हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर पहिला हल्ला अमीरांच्या बलुच फौजेनेच केला. चौथं, नेपियरने सिंधमधे गुलामी बंद केली, बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्यांना फाशी दिली, कराचीचं बंदर बांधायला घेतलं, आणि वेगळं पोलीस दल उभं केलं ज्याचा नमुना पुढे मुंबई इलाख्याने घेतला. ही सगळी कामं रेकॉर्डवर आहेत, नाकारून काही मिळत नाही.

मग प्रश्न कुठे आहे? सतीच्या त्या वाक्यातच आहे, ते एकदा हळू वाचून बघा. ते लिहून ठेवलंय त्याच्या सख्ख्या भावाने, विल्यम नेपियरने, १८५१ मधे, भावाच्या कारभाराचं समर्थन करणाऱ्या पुस्तकात, तेव्हा शब्द न शब्द तसाच होता का हा प्रश्न आहेच, पण तो बाजूला ठेवू आणि ते जसंच्या तसं खरं धरू. नेपियर त्यात काय म्हणतोय? बाईचा जीव घेणं चूक आहे असं तो म्हणतच नाही. तो म्हणतो तुमची एक प्रथा, आमची एक प्रथा, आणि आमच्या प्रथेच्या हातात फाशीचा दोर आहे. आपण टाळ्या वाजवतो कारण या वेळी दोर ज्या बाजूला होता ती बाजू बरोबर होती. पण तर्क म्हणून बघितलं तर हे शुद्ध बळाचं बोलणं आहे, ज्याच्याकडे सुतार आणि सैन्य त्याची प्रथा चालणार. हाच तर्क लावून अमीरांचा मुलुख गेला, तुमचा तह एक म्हणतो, आमच्या तोफा दुसरं म्हणतात. एका ठिकाणी हा तर्क उचलून धरायचा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर रडायचं हे जमणार नाही.

राममोहन रॉय सतीविरुद्ध लिहीत होते तेव्हा ते असं बोलत नव्हते. ते शास्त्रं काढून दाखवत होते, बाईच्या माणूसपणाबद्दल बोलत होते, स्वतःच्या समाजाशी वाद घालत होते, शिव्या खात होते. १८२९ मधे बंगालमधे बंदी आली आणि १८३० मधे आपल्या मुंबई इलाख्यातही आली, म्हणजे नेपियर सिंधमधे उतरायच्या बारा-तेरा वर्षं आधी. त्याच्या कितीतरी आधी अकबराने सतीला आळा घालायचा प्रयत्न केला होता, गोव्यात पोर्तुगीज अल्बुकर्कने सोळाव्या शतकाच्या सुरवातीलाच बंदी घातली होती, आणि १७५४ मधे कुंभेरीला खंडेराव पडले तेव्हा मल्हारराव होळकरांनी सुनेला, अहिल्याबाईंना, सती जाऊ दिलं नाही हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. एका सासऱ्याने विनवून सुनेला मागे फिरवलं आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं ते आपण बघितलंच आहे. मग सती बंद पडली ती एका गोऱ्या जनरलच्या एका वाक्याने, ही समजूत आपण का पोसतो?

आणि 'माझ्या देशाची प्रथा' म्हणजे काय होती? इंग्लंडमधे नवऱ्याचा खून करणाऱ्या किंवा खोटी नाणी पाडणाऱ्या बाईला खांबाला बांधून जाळायची शिक्षा कायद्याच्या पुस्तकात होती आणि ती रद्द झाली १७९० मधे. शेवटी शेवटी आधी गळा आवळून मग जाळत, तेवढीच दया. नेपियरचा जन्म १७८२ चा, म्हणजे तो आठ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या देशाचीही प्रथा हीच होती. तुमच्याकडेही होतं म्हणून आमचं माफ, असं मला यातून काढायचं नाही. मला एवढंच दाखवायचंय की इंग्लंडने ती प्रथा सोडली ती बाहेरच्या कुणी खांब रोवले म्हणून नाही, तिथल्या लोकांनी आपल्याच पार्लमेंटमधे कायदा करून सोडली. आपल्याकडे १९८७ मधे देवरालाला रूपकंवर जळाली तेव्हा देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि आपल्या संसदेने नवा कायदा केला. आणि सिंध? बायकोवर संशय घेऊन तिला मारण्याची प्रथा, तिकडे कारो-कारी म्हणतात, तिच्यासाठी नेपियरने फाशी दिली आणि ती आजही तिथे बायांचे जीव घेते आहे. दोर महत्त्वाचा असतो, खून्याला शिक्षा झालीच पाहिजे, पण समाजातून उभ्या न राहिलेल्या हुकुमाला मुळं धरत नाहीत.

नेपियरच्या आयुष्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग सिंधमधला नाहीच. १८३९ ते १८४१ तो उत्तर इंग्लंडच्या लष्कराचा प्रमुख होता, चार्टिस्टांची चळवळ पेटलेली, गिरण्यांमधले उपाशी कामगार मताचा हक्क मागत होते आणि सरकारला बंडाची भीती होती. नेपियरला त्या कामगारांचं म्हणणं बरंचसं पटत होतं आणि त्याने ते लिहूनही ठेवलंय. त्याने गोळीबार टाळला, बिथरलेल्या मॅजिस्ट्रेटांना आवर घातला, सैन्य विखरू दिलं नाही. आयर्लंडमधे वाढलेला, १७९८ चं बंड पोरवयात जवळून बघितलेला, गरिबांचा कळवळा असलेला माणूस होता तो. मग चारच वर्षांत तोच माणूस मियानीला हजारो बलुच मेल्याचा हिशेब मांडतो, हे कसं झालं? त्याचं काळीज बदललं नव्हतं, बदलली होती त्याच्या आजूबाजूची व्यवस्था. मँचेस्टरमधे एक गोळी चुकीची सुटली असती तर पार्लमेंटमधे प्रश्न आला असता, पेपरात नाव आलं असतं, ज्युरीसमोर उभं राहावं लागलं असतं. १८१९ मधे मँचेस्टरच्या ज्या मैदानात सभेवर घोडदळ घालून माणसं मारली ते पीटरलूचं मैदान तिथल्या लोकांच्या आठवणीत ताजं होतं. सिंधमधे काय होतं? कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल एलेनबरो पाठीशी होता आणि हुकूम पोचायला आठवडे लागत होते. ज्याच्यावर तो राज्य करत होता त्या माणसाला त्याला थांबवायची कुठलीच वाट नव्हती. म्हणून म्हणतो, माणूस चांगला की वाईट हे भांडण सोडा, एकाच माणसाचे हे दोन प्रयोग आपल्यासमोर आहेत.

त्याच्या कारभाराकडेही याच नजरेने बघावं लागतं. त्याचं पोलीस दल आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या धर्तीवर होतं, म्हणजे जिंकलेल्या देशाला ताब्यात ठेवायला बनवलेल्या दलाच्या धर्तीवर, आणि १८६१ च्या पोलीस कायद्यातून तो ढाचा देशभर गेला. आपला पोलीस लोकांना कमी आणि सरकारला जास्त बांधलेला का वाटतो याचं एक मूळ तिथे आहे. आणि रयतेचं काय झालं? नेपियरने फर्मान काढलं की जे बलुच सरदार येऊन सलाम करतील त्यांच्या जहागिरी त्यांच्याकडेच राहतील. सरदारांनी सलाम केला, जहागिरी राहिल्या, आणि त्या जमिनीत राबणारा हारी, म्हणजे कूळ, होता तिथेच राहिला, त्याला विसाव्या शतकात हक्कासाठी चळवळ करावी लागली. अमीरांच्या जुलमातून रयत सोडवली असं म्हणताना ही रयत नक्की कोण, सुटलं कोण, हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

'अमीर नालायक होते म्हणून घेतलं' या युक्तिवादाला आपल्या मराठी माणसाकडे तर घरचंच उत्तर आहे, सातारा. प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्यात रस्ते केले, पाण्याची सोय केली, शाळा काढली, इंग्रज अधिकारीच त्यांच्या कारभाराची तारीफ करत होते. १८३९ मधे त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दारं ठोठावत बसले, आणि १८४८ मधे प्रतापसिंहांचे भाऊ शहाजी गेल्यावर दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रेअर याने त्याला विरोध केला होता, तोच पुढे सिंधचा कमिशनर झाला. वाईट कारभार म्हणून सिंध घेतला, चांगला कारभार असूनही सातारा घेतला, तर कारभाराचा आणि घेण्याचा संबंध काय उरला?

इथे काकांच्या बाजूचे लोक तेव्हा सिंधमधेच असलेल्या जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याचं नाव काढतात, बघा तोही इंग्रजच पण न्यायी. आउट्रम आपल्याला जवळचा, १८२५ पासून खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण त्याने उभी केली. सिंधमधे तो अमीरांच्या बाजूने बोलला, नेपियरशी त्याचं जाहीर भांडण झालं, लुटीच्या पैशातला आपला तीन हजार पौंडांचा वाटा त्याने स्वतःसाठी ठेवला नाही, धर्मादाय वाटून टाकला. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण १८५६ मधे लखनौला वाजिद अली शाहला गादीवरून उतरवणारा रेसिडेंट कोण होता? हाच आउट्रम. सिंधमधे ज्याला अन्याय म्हणाला जवळजवळ तसंच काम त्याने अवधमधे वरून हुकूम आला म्हणून करून दिलं. चांगला साहेब शोधून हा प्रश्न सुटत नाही.

आणि हाच तराजू आपल्यालाही लावायला हवा, नाहीतर आपल्या बोलण्याला किंमत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर चौथाईसाठी जात होत्या, तिथल्या अंगाईगीतात आजही बर्गी, म्हणजे आपले मराठा घोडेस्वार, येतात आणि पोरं घाबरून झोपतात. बंगालचा नवाब नालायक होता, आमचं राज्य रयतेचं होतं, असं सांगून आपण ते झाकतो. बर्दवानच्या शेतकऱ्याने आपल्याला बोलावलं होतं का? नव्हतं. मग हैदराबादच्या सिंध्याने नेपियरला बोलावलं नव्हतं हे म्हणायचा हक्क आपल्याला तेव्हाच येतो जेव्हा आपण हेही कबूल करतो.

काही जण म्हणतील, त्या काळात सगळे असंच वागत होते, आजची मापं कशाला लावता. पण मी आजचं माप लावतच नाहीये. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मुंबईचा गव्हर्नर राहिलेला, पेशवाई बुडताना पुण्याचा रेसिडेंट असलेला माणूस, तो तेव्हाच म्हणाला की रस्त्यात मार खाल्लेला गुंड घरी येऊन बायकोला बडवतो तसं आपण काबूलनंतर सिंधमधे केलंय. कंपनीच्या डायरेक्टरांनी ऑगस्ट १८४३ मधे ठराव केला की हे अन्यायाचं झालं, आणि पुढच्या वर्षी एलेनबरोला परत बोलावून घेतलं. चूक झाली हे त्याच काळाच्या मापाने ठरलं होतं. फक्त सिंध कुणी परत केला नाही. नेपियरला वरून खरोखर कुणी अडवलं ते १८५० मधे, तेव्हा तो सरसेनापती होता आणि पंजाबातल्या वजिराबादच्या शिपायांच्या भत्त्यावरून त्याने स्वतःच्या अधिकारात दिलेली ऑर्डर गव्हर्नर-जनरल डलहौसीला खपली नाही, कानउघाडणी झाली, आणि नेपियर राजीनामा देऊन घरी गेला.

लंडनच्या ट्राफल्गर चौकात त्याचा पुतळा आहे, १८५६ चा, खाली लिहिलंय की वर्गणी देणाऱ्यांत सगळ्यात जास्त संख्या साध्या शिपायांची होती, आणि हातात एक गुंडाळी दिलीय, सिंधला दिलेल्या राज्यकारभाराची खूण म्हणून. ही गुंडाळी बघितली की मला दुसरा एक कागद आठवतो. खैरपूरचा म्हातारा अमीर मीर रुस्तुम, ऐंशी ओलांडलेला, आणि त्याचा धाकटा भाऊ अली मुराद, ज्याच्या बाजूने नेपियर उभा राहिला. दोघा भावांमधला तह कुराणाच्या एका प्रतीत लिहिलेला होता, त्यात काही गावं द्यायचं ठरलं होतं. अली मुरादने ते पान काढून त्या जागी दुसरं घातलं आणि गावांचे परगणे झाले. १८५० मधे इंग्रजांच्याच कमिशनने हे उघडकीला आणलं आणि १८५२ मधे त्याचा तो मुलुख काढून घेतला. काढून घेतलेला मुलुख मीर रुस्तुमच्या घराकडे गेला नाही, कंपनीकडे गेला. मीर रुस्तुमला तोपर्यंत बोटीत घालून मुंबईला आणि तिथून पुण्याकडे नजरकैदेत पाठवलेलं होतं, ज्या पुण्याहून नेपियर सिंधला निघाला होता. तो म्हातारा परत गेला नाही, पुण्यातच वारला. भाच्याला मी एवढंच लिहिलं, पुढच्या वेळी फॉरवर्ड पाठवशील तेव्हा चितेच्या आणि फाशीच्या खांबांच्या त्या गोष्टीखाली डायरीतली ती ओळ आणि कुराणातल्या त्या पानाची गोष्ट पण टाक, मग आपण बोलू, काकांनाही घेऊ.